आधी सांधा फुटला

मंगळवार, ४ मार्च

टिंगू,

पत्ता आईकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. तीन दिवस मागे लागले तेव्हा कुठे तिनं दिला, आणि देताना म्हणाली, "तो फाडून टाकेल. तरी लिही." फाडायचंच असेल तर हा पहिला कागद वाचून मग फाड, कारण यात तुझ्या कामाचं आहे.

बॉयलर मंडळाची नोटीस आलीय. तुझी जुन्या पत्त्यावर गेली असेल, म्हणून कळवतेय. तुझ्या त्या लाँड्रीत गेल्या महिन्यात वाफेच्या पाइपाचा सांधा पुन्हा फुटला. तोच, इस्त्रीच्या रोलरमागचा. या वेळी जवळ कुणी नव्हतं. मंडळावर आता नव्या तपासणी अधिकारी बाई आल्यात. त्यांनी सहा वर्षांपूर्वीची फाइल बाहेर काढली आणि तिच्यात ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांना बोलावलं. वीस तारखेला, सकाळी अकरा वाजता. जबाबावर तुझी सही आहे म्हणून तुला. त्याचं इंग्रजी मी केलं आणि खाली 'अचूक भाषांतर' असा माझा शिक्का आहे, म्हणून मला.

काय झालं ते तुला माहीतच आहे. तरी मला ते एकदा क्रमानं लिहू दे. क्रमच तर मी बिघडवला.

त्या सकाळी तू बॉयलरवर होतास. इस्त्रीवाल्या मावशी रोलरमध्ये चादरी घालत होत्या. सांधा फुटला. तू धावत जाऊन व्हॉल्व्ह फिरवलास आणि वाफ बंद केलीस. तेवढ्यात मावशींचा उजवा हात आणि मान भाजून निघाली. संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगत होतास आणि मी लिहून घेत होते. तू म्हणालास, "सांधा फुटला तेव्हा मी व्हॉल्व्ह फिरवला." मंडळाकडे जो कागद गेला त्यात आहे, 'आय टर्न्ड द व्हॉल्व्ह, अँड द जॉइंट बर्स्ट.' मी व्हॉल्व्ह फिरवला, आणि सांधा फुटला.

थंड पाइपात एकदम वाफ सोडली तर सांधा फुटतो, हे बॉयलरवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. हे तूच मला नंतर सांगितलंस. मंडळातल्या लोकांनी ते वाक्य वाचलं, तूच एकदम वाफ सोडलीस असं धरलं, आणि त्यांना दुसरं काही वाचायची गरजच उरली नाही. तुझं लायसन्स गेलं.

माझ्याकडून ते घाईत झालं. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत कागद द्यायचा होता, आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

वीस तारखेला ये. मी बोलणार आहे.

ताई

मंगळवार, ११ मार्च

टिंगू,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात 'घाईत' लिहिलं ते बरोबर नाही. घाई नव्हती. तू साडेसातला गेलास आणि मी जेवणसुद्धा बाजूला ठेवून तो जबाब इंग्रजीत दोनदा उतरवला. पहिल्या खर्ड्यात सगळं ठीक होतं. 'आय टर्न्ड द व्हॉल्व्ह व्हेन द जॉइंट बर्स्ट.' सांधा फुटला तेव्हा. तू म्हणालास तसंच. पण त्या एका परिच्छेदात 'व्हेन' तीन वेळा आलं होतं. शिफ्ट सुरू झाली तेव्हा, मावशी ओरडल्या तेव्हा, सांधा फुटला तेव्हा. मला ते खटकलं. एकच शब्द तीनदा आला की इंग्रजी शाळकरी वाटतं, असं मी वर्गात रोज सांगते. म्हणून एक 'व्हेन' खोडलं, तिथे स्वल्पविराम दिला आणि 'अँड' लावलं. वाक्य किती सुटसुटीत झालं, असं तेव्हा वाटलं होतं मला. बरं वाटलं होतं.

हे आजच का लिहितेय, ते सांगते. माझ्या प्रौढांच्या वर्गात एक शिंपी येतात, पन्नाशीचे. सध्या आमचं वाक्यं जोडणं चाललंय. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडायची नाहीत, मधे उभयान्वयी अव्यय घाला, नाहीतर अर्धविराम द्या, नाहीतर सरळ पूर्णविराम देऊन मोकळे व्हा, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. शिंपीकाकांनी लिहिलं, 'आय मिस्ड द बस, अँड इट रेन्ड.' बस चुकली, आणि पाऊस आला. मी विचारलं, "काका, आधी काय झालं?"

ते म्हणाले, "वाक्यात की त्या दिवशी?"

वर्ग हसला. मीही हसले. मग म्हटलं, "त्या दिवशी."

"त्या दिवशी पाऊस आधी आला. पावसामुळेच तर चुकली. पण बस महत्त्वाची, म्हणून ती पुढे घेतली."

मी त्यांना समजावलं की 'अँड' नुसतं जोडत नाही, ते रांगही लावतं. जे आधी लिहाल ते आधी घडलं असं वाचणारा धरून चालतो, आणि पुष्कळदा पहिल्यामुळेच दुसरं झालं असंही. उदाहरण अर्धवट सोडलं. पाणी प्यायला बाहेर गेले आणि जिन्याचा कठडा धरून उभी राहिले.

आणखी एक सांगायचं आहे. परवा लाँड्रीचे मॅनेजर घरी आले होते. तेच, तुला 'बॉयलरचा राजा' म्हणायचे ते. आता पोट सुटलंय, बोलणं मात्र तसंच लोण्यासारखं. म्हणाले, "मॅडम, सहा वर्षं झाली. कोण काय म्हणालं, कुणाला आठवतंय? 'आठवत नाही' म्हणणं काही खोटं नसतं."

मी म्हटलं, "आणि आठवत असेल तर?"

"तर तुमचा शिक्का जाईल. अचूक म्हणून सही केलीत ना? मंडळ, कोर्ट, कंपन्या, सगळीकडे तुमचीच भाषांतरं चालतात. एका वाक्यासाठी कशाला घरावर संकट ओढवून घेता?"

मी त्यांना हाकलून दिलं असतं तर तुला लिहायला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "बघते." ते गेल्यावर दार लावलं. आईनं आतून विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "वीज मीटरवाला."

ताई

बुधवार, १९ मार्च

टिंगू,

उद्या सुनावणी. हे पत्र तुला त्याच्या आधी मिळणार नाही, तरी लिहितेय.

तो पहिला खर्डा सापडला. कपाटात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या खाली होता. निळ्या शाईत 'व्हेन', त्याच्यावर माझ्या लाल पेनाची एकच रेघ आणि वर बारीक अक्षरात 'कॉमा, अँड'. खालचा शब्द स्पष्ट वाचता येतो. आज दुपारी तो कागद गॅसजवळ नेला होता. पेटवला नाही. पण नेला होता, हे तुला माहीत असावं.

हा कागद दिला की माझ्याकडे काही उरत नाही. जो शिक्का खोटा ठरला त्याच्याखालची बाकीची भाषांतरंही लोक तपासायला काढतील. क्लासच्या दारावर 'शासनमान्य भाषांतरकार' अशी पाटी आहे, ती उतरवावी लागेल. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करू? हे तुझ्यापुढे रडगाणं म्हणून सांगत नाही. तू सदतीसचा होतास तेव्हा तुला हाच प्रश्न पडला असेल, आणि तेव्हा मी 'होईल काहीतरी' म्हणाले होते.

टाइप केलेला जबाब सही करायला तुझ्यासमोर ठेवला तो प्रसंग आठवतो. तुझं इंग्रजी गेज वाचण्यापुरतं आणि पाट्या वाचण्यापुरतं. तू एकेक शब्दावर बोट ठेवत वाचत गेलास. त्या ओळीवर थांबलास. म्हणालास, "ताई, यात व्हॉल्व्ह आधी कसा आला?"

मी म्हटलं, "इंग्रजीत असंच लिहितात."

तू सही केलीस. पुढे चौकशीत त्यांनी मला विचारलं, "हे असंच म्हणाले का तुमचे बंधू?" तू समोर बसला होतास. मी म्हटलं, "हो." त्या दिवसानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

खोटं वाटेल, पण तेव्हा मला खरंच शंका आली नव्हती. मला वाटायचं भाषेतलं मला कळतं, तुला वाफेतलं कळतं.

ताई

शुक्रवार, २१ मार्च

टिंगू,

काल तू आलास. मागच्या बाकावर बसलास, दाराजवळ. केस किती पिकलेत तुझे. मी आत शिरताना पाहिलं आणि नंतर तिकडे बघितलं नाही, नाहीतर बोलता आलं नसतं.

तू होतास तोवरचं तू ऐकलंस. तरी तुझ्या जागेवरून सगळं ऐकू आलं नसेल, पंख्याचा आवाज होता. अधिकारी बाईंनी तो कागद हातात घेतला, लाल रेघेवर चष्मा सरकवून बघितलं आणि विचारलं, "बदल का केला?"

मी म्हटलं, "वाक्य चांगलं दिसावं म्हणून."

"दुसरं काही कारण?"

"नाही."

कंपनीचे वकील उठले. "म्हणजे तुम्ही शिक्क्याखाली चुकीचं लिहून दिलंत, वर चौकशीत खोटं बोललात. आज खरं बोलताय कशावरून?"

मी म्हटलं, "आज बोलण्यात माझं नुकसान आहे. तेव्हा गप्प बसण्यात नव्हतं."

मॅनेजर खाली बघत होते. मग तुला बोलावलं आणि भाषांतरकार हवा का म्हणून विचारलं. तू म्हणालास, "मी बोलतो तसं आमच्या भाषेतच लिहा. मग कुणाकडूनही इंग्रजी करून घ्या. हिच्याकडून नको." तू ते रागानं म्हणाला नाहीस. पाळीवरच्या माणसाला हा पाना नको, तो दे म्हणावं, तसं म्हणालास.

जिन्यात मी तुझ्या मागे आले. तू विचारलंस, "तुला कधी कळलं?" आत हे कुणी विचारलं नव्हतं. मी वकिलांच्या प्रश्नांना तयार होते, तुझ्या नव्हते.

परवाच्या पत्रात मी शंका आली नव्हती असं लिहिलंय. ते पत्र तुला आज-उद्या मिळेल. ते खोटं आहे. तुला जिन्यात सांगितलं तेच खरं. तू बोट ठेवलंस त्या क्षणी मला कळलं. पुन्हा टाइप करायला एक पान, दहा मिनिटं लागली असती. पण मग धाकट्या भावानं माझी इंग्रजीतली चूक काढली असं झालं असतं. मला ते तोंडानं कबूल करवलं नाही. आणि चौकशीत, एकदा शिक्का मारल्यावर, भीती वाटली.

तू कठड्याला धरून म्हणालास, "तुझा माझ्यापेक्षा तुझ्या वाक्यावर जास्त भरवसा आहे, म्हणून मी बोलत नव्हतो. तुला माहीत होतं, हे कधी मनातसुद्धा आलं नाही. आई तुला बोलायची तेव्हा मी तिला गप्प करायचो." आणि खाली उतरून गेलास.

तू गेल्यावर मावशींची साक्ष झाली. ती तुला कळायला हवी. त्यांची मान अजून नीट वळत नाही, सगळं अंग वळवून बघावं लागतं. त्या म्हणाल्या, "आधी मागून फुसफुस ऐकू आली. मग फाट्कन आवाज. मग हा धावत आला." बाईंनी विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?" मावशी म्हणाल्या, "मी वॉर्डात होते. कुणी विचारायला आलं नाही. बरी झाले तेव्हा आमचा मुकादम म्हणाला, त्यानं स्वतः लिहून दिलंय, व्हॉल्व्ह फिरवला आणि फुटला म्हणून. लिहून दिलंय म्हटल्यावर मी माझ्या कानांवर कसा विश्वास ठेवू?"

नंतर त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी जवळ गेले. त्याच म्हणाल्या, "सहा वर्षं मी त्याला तळतळाट दिले. रोज, वेणी घालताना हात वर जायचा नाही तेव्हा. चुकीच्या माणसाला दिले. तू द्यायला लावलेस."

मी म्हटलं, "मावशी, मी काय करू?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू आहेस."

ताई

रविवार, ४ मे

टिंगू,

निकालाची प्रत तुला मिळाली, असं आईनं सांगितलं. लायसन्स परत, आणि तुझ्यावरचा दोष काढला. माझा शिक्का काढून घेतला, कायमचा. पाटी मीच उतरवली. वर्गात आता नऊजण उरलेत. शिंपीकाका येतात. परवा म्हणाले, "बाई, तुमची चूक कळल्यापासून मला तुमचं जास्त पटतं." यावर हसावं की काय ते कळलं नाही.

काल तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. आईसाठीच असेल कुणाचा तरी, म्हणून ओल्या हातानं उचलला. तू 'आई' म्हणालास आणि मी 'ताई' म्हटलं, आणि तू आता फोन ठेवशील असं वाटलं.

तू विचारलंस, "लाँड्रीच्या क्वार्टर्समध्ये तू दारोदार फिरतेयस असं ऐकलं. खरं का?"

हो. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. निकालानंतर मावशींनी बोलावणं धाडलं. म्हणाल्या, "याच्यामुळे मी भाजले, हे मी या चारी मजल्यांवर सांगितलंय. मंडळाचा कागद इथे कोण वाचतो? आता तू माझ्याबरोबर चल आणि तोंडानं सांग." तू इथली खोली सोडलीस तेव्हा सामान उतरवायला कुणी हात लावला नव्हता, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.

चार मजले, सव्वीस दारं. तीन रविवार लागले. मावशी एकेक पायरी चढतात, मी मागे. दार उघडलं की त्या म्हणतात, "ही त्याची बहीण. हिला बोलायचंय." मग मी सांगते. सांधा आधी फुटला. तो वाफ बंद करायला धावला. मी कागदावर उलटं लिहिलं. त्यानं मला विचारलं होतं, आणि मी त्याला खोटं सांगितलं. पहिल्या दारी मी दहा मिनिटं बोलले, नोटीस, मंडळ, भाषांतर, सगळं. मावशी मधेच म्हणाल्या, "तुझं इंग्रजी नको, सरळ सांग." तेव्हापासून हे एवढंच.

कुणी ऐकून घेतात, कुणी 'बरं' म्हणून दार लावतात. धुलाईवाल्या एका बाईनं विचारलं, "आता सांगून काय? तेव्हा त्याची बायको माझ्याकडे मीठ मागायला आली होती, मी नाही म्हटलं होतं. ते कसं परत घेऊ?" दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर म्हणाला, "आम्हाला तेव्हाच वाटत होतं." मावशींनी सगळं अंग वळवून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग वाटून काय केलंस?"

हे मी फोनवर अर्धमुर्धं सांगितलं. तू विचारलंस, "सगळी दारं झाली?"

मी म्हटलं, "पंचवीस झाली. तळमजल्यावरचं शेवटचं राहिलंय. तीनदा गेले, कुलूपच असतं."

तू म्हणालास, "ते मुकादमाचं. तो दुपारी मुलीकडे असतो. सकाळी आठच्या आत जा."

उद्या जाते.

ताई

सोमवार, ५ मे

टिंगू,

सातला गेले. मावशींना जिने उतरायला लावणार नव्हते, पण त्या आधीच खाली येऊन उभ्या होत्या.

मुकादमानं दार उघडलं. बनियनवर होता, एका गालावर दाढीचा फेस. मला ओळखलं. मी माझं सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्याला त्यानं हात वर केला. म्हणाला, "माहीत आहे. निकाल आणून दाखवला मॅनेजरनं." मग आत गेला, तोंड धुऊन, शर्ट घालून आला, आणि आम्हाला खुर्च्या देऊन स्वतः उभा राहिला.

मावशींकडे न बघता म्हणाला, "त्या सांध्याचं पॅकिंग गेलंय, असं त्यानं मला सांगितलं होतं. आदल्या आठवड्यात. दोनदा. मी म्हटलं, महिनाअखेर बॉयलर बंद करू तेव्हा बदलू. चौकशीत मला विचारलं, तक्रार होती का. मी म्हटलं, लेखी नव्हती."

मावशींनी पदर नीट केला आणि तशाच बसून राहिल्या. त्यांच्यासमोर तो माणूस एवढा उंच असून लहान दिसायला लागला.

मी त्याला म्हटलं, "हे मंडळाला लिहून द्या." तो म्हणाला, "देतो. तुम्ही लिहा, मी सही करतो." मी म्हटलं, "मी नाही लिहिणार. तुमच्या हातानं लिहा, तुमच्या भाषेत, जसं घडलं तसं." त्यानं नातवाची वही घेतली. आठ ओळी लिहायला त्याला पाऊण तास लागला. एकदाही त्यानं मला शब्द विचारला नाही आणि मी वाकून बघितलं नाही. वही मावशींकडे आहे. त्या आज स्वतः मंडळात नेऊन देणार आहेत.

आम्ही निघताना त्यानं विचारलं, "तो कसा आहे?"

मी म्हटलं, "मला विचारू नका. त्यालाच विचारा." तुझा नंबर मी तुला न विचारता दिला आहे. येत्या रविवारी दहाला फोन करेन म्हणालाय.

मला उत्तर लिही असं मी म्हणत नाही. पण त्याचा फोन उचल.

ताई